डॉक्टरांचा डंपर

परवापासून कोहरा पडायला लागलाय. पुण्याच्या माझ्या बहिणी याला धुकं म्हणतात आणि मी फोनवर "आज फार कोहरा आहे गं" म्हटलं की खो खो हसतात. हसोत बापड्या. धुकं म्हणजे सहलीला गेल्यावर डोंगराच्या फोटोत येतं ते. आमच्या ग्वाल्हेरात पौषात जे उतरतं ते वेगळं प्रकरण आहे. ते जिन्यावरून घरात येतं, गादीत शिरतं, वाळत घातलेल्या टॉवेलाला दोन-दोन दिवस सोडत नाही. समोरची गच्ची दिसत नाही, तिथे कोणीतरी खोकतंय एवढंच कळतं. दूधवाल्याचा हॉर्न आधी येतो आणि दूधवाला मागाहून.

एके काळी मला हा ऋतू फार आवडायचा. मटार सोलत बसावं, तीळ-गुळाच्या गजकेचा डबा उघडा ठेवावा, दुपारी कोहरा उठला की गच्चीवर सतरंजी टाकून धूप खावी. ऊन खाणं हा शब्दप्रयोग पुण्यात आहे का मला ठाऊक नाही, पण आम्ही धूप खातो, आणि पोटभर खातो. आता मात्र खिडकीची काच पांढरी झाली की मला आधी तो एक हिवाळा आठवतो. चहाचा कप देताना मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. दातांचे डॉक्टर. मी लग्न होऊन जयेंद्रगंजातल्या या घरात आले तेव्हा सासूबाईंपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत होते. नाव घ्यायची पद्धत नव्हती आणि 'अहो'ने गच्चीवरून खाली हाक पोचत नाही, म्हणून मीही डॉक्टर म्हणू लागले. खाली दवाखाना, वर आम्ही. ड्रिलचा आवाज जमिनीतून वर येतो. माझ्या पोळ्या, मुक्ताचा अभ्यास, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, सगळं त्या आवाजावर झालं. आवाज सुरू असला की घर ठीक चाललंय असं वाटायचं.

ज्या हिवाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मुक्ताला मुलगा झाला. आमची एकुलती एक मुलगी, इंदूरला असते. नातवाचं नाव ईशान. पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण ग्वाल्हेरातच करायचं हे तिने तिकडूनच जाहीर करून टाकलं. आमच्या शेजारच्या हिंदी घरांना बोरन्हाणाचं अजून नवल वाटतं. लहान मुलाला काळा झबला घालायचा, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे ओतायचे. मग बाकीची पोरं ते लुटतात. "भाभीजी, बच्चे को काला पहनाते हो?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. मीही दर वर्षी सांगते, की आमच्यात थंडीचा सण काळ्यात करतात.

दिवाळीचे कंदील उतरवत असताना डॉक्टर एकदम म्हणाले, "मुक्ताचा डंपर कुठे आहे गं?"

मला आधी समजेचना. मग आठवलं. माझे थोरले दीर कामानिमित्त जपानला गेले होते, तेव्हा त्यांनी मुक्तासाठी रिमोटवर चालणारा डंपर आणला होता. पोरगी पाच-सहा वर्षांची. सासूबाई म्हणाल्या होत्या, तिथे बाहुल्या मिळत नाहीत वाटतं. पण मुक्ता त्या डंपरवर अशी जडली की जेवताना तो ताटाशेजारी लागे. हाताएवढा लांब, पिवळी केबिन, मागे उचलला जाणारा हौदा. रिमोटला लांब ओढायची अँटेना. एक दांडी पुढे-मागे, दुसरी डावी-उजवी, आणि एक बटण दाबलं की हौदा कुरकुरत वर. खरं सांगायचं तर मुक्तापेक्षा डॉक्टरच जास्त खेळायचे. दवाखाना बंद करून वर आले की बूट काढायच्या आधी रिमोट हातात.

"हौद्यात बोरं भरायची," डॉक्टर म्हणाले, "आणि ईशानच्या पाटामागे छोटा चढ करायचा. डंपर वर चढेल आणि त्याच्या डोक्यावर हौदा रिकामा करेल. आजोबाच्या हातचं बोरन्हाण."

माळ्यावरून काढला तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. सेल आतच राहून फुटले होते, त्यांची हिरवट-पांढरी खपली सगळ्या पट्ट्यांवर चढली होती. रबरी टायर दगडासारखे कडक, एक चाक गायब. पिवळा रंग उडून खालचं प्लास्टिक उघडं. मी म्हटलं, "ऑनलाइन नवा मागवा, याहून चांगला येईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फडकं आणून त्याची धूळ पुसायला लागले.

पुढचा महिना-दीड महिना माझ्या संसारातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी होता. गच्चीच्या कोपऱ्यात जुनं टेबल गेलं. दुपारी दवाखान्याला सुट्टी असते, तेवढ्या वेळात डॉक्टर तिथे. जुन्या टूथब्रशने आणि लिंबाच्या सत्त्वाने खपल्या काढल्या. नया बाज़ारात एका रेडिओवाल्याकडून तारा आणि मोटर जोडून आणली. जे बाजारात मिळेना ते दवाखान्यात तयार झालं. दातांचं माप घ्यायला जो गुलाबी लगदा वापरतात, तो कालवून त्यात चांगलं चाक दाबलं, साचा केला, आणि कवळीच्या हिरड्यांचं जे प्लास्टिक असतं त्यात नवं चाक ओतलं. झालं काय, चाक हिरडीच्या रंगाचं. मी पोट धरून हसले. "दात लावा त्याला," म्हटलं, "म्हणजे चावत चावत जाईल." दात लावलेच त्यांनी, पण आत. एका चक्रीचे दोन दात झिजले होते. दाढ भरायच्या पांढऱ्या मसाल्याने एकेक दात घडवला, त्यावर मसाला घट्ट करणारा निळा दिवा धरला, आणि चक्री फिरवून मला दाखवली. "बघ, हिचं पुन्हा दुखणार नाही." इतकी वर्षं बायकोने केलेल्या आमटीला बरी म्हणायला ज्यांना कष्ट पडले, ते डॉक्टर त्या चक्रीवर स्वतःच खूश होऊन बसले होते.

मग कोहरा आला.

पहिल्यांदा काय दिसलं ते सांगता येईल, पण पहिल्यांदा कधी दिसलं ते सांगता येणार नाही. डॉक्टर वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. अंगठा तर्जनीवर सावकाश फिरत होता. सासूबाई समोर कापूस घेऊन वाती वळायच्या तसा. मला वाटलं, काही चाळा असेल. मी चहा ठेवला, त्यांनी कप उचलला, आणि बशी वाजली. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थंडी काय पडलीय," म्हणाले.

पडली होतीच. त्या दिवसांत ग्वाल्हेरात कोणाचा हात स्थिर असतो? भाजीवाल्याचा तराजू हलत असतो, पाव देणाऱ्याची पिशवी थरथरत असते, शाळेच्या रिक्षात बसलेल्या पोरांचे दात वाजत असतात. मीसुद्धा कुलपात किल्ली घालताना दोनदा चुकते. थंडीच्या दिवसांत हे दुखणं कोणालाही वेगळं काढून दाखवता आलं नसतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, एकदा हात कोणाला तरी दाखवून घ्या ना." ते म्हणाले, "तुझा दाखव." मी हात पुढे केला. तोही कापत होता. दोघंही हसलो, आणि विषय मिटला. संक्रांत होऊ दे, मी मनाशी म्हटलं, ऊन चढू दे, मग कळेल काय ते.

आता त्या दुखण्याला नाव आहे, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या आहेत, गोळ्यांचा चौकोनी डबा आहे. नाव कळलं की माणूस निदान त्याच्याशी भांडू शकतो. त्या हिवाळ्यात नाव नव्हतं. घरभर एक पांढरी शंका भरून राहिली होती, आणि आम्ही दोघं तिच्यातून एकमेकांना न बोलता वाट देत चालत होतो.

दर वर्षी हलव्याला पाक घालायचं काम डॉक्टरांचं असे. काटेरी हलवा करायचा म्हणजे परातीत खसखस, चारोळी, मगजबी घ्यायचं, खाली मंद शेगडी, आणि पाकाचा एकेक थेंब टाकत बोटांच्या टोकांनी सारखं फिरवत राहायचं. थेंब मोठा पडला की गोळा झाला म्हणून समजा. बोटं मी फिरवायची, आणि डॉक्टर नव्या कोऱ्या सिरिंजमध्ये पाक भरून मोजका थेंब सोडायचे. माझ्या हलव्याचा काटा आमच्या सगळ्या लश्कर भागातल्या मराठी बायकांत नावाजलेला आहे. त्यातलं अर्धं श्रेय त्या सिरिंजचं, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या वर्षी नातवाचे दागिने करायचे होते, मुकुट, बाजूबंद, बासरी, सगळं. मी परात मांडली आणि हाक मारली. डॉक्टर दारात आले, परातीकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंदा तूच कर. मला डंपरचं बघायचंय." मी चमच्याने पाक घातला. हलवा झाला. मोहरीएवढा काटा यायला हवा होता, तो आला नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पण मला खरी भीती वाटली ती हलव्यामुळे नाही.

एका सकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. खालून एक बाई बाहेर पडल्या. ओठांवर रुमाल दाबलेला, रुमालावर लाल डाग. दात काढल्यावर रक्त येतंच, त्यात काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्या बाई दाराबाहेर थांबल्या, रुमाल काढला, आणि मोबाईलच्या काचेत आपला ओठ बघू लागल्या. हिरडी नव्हे, ओठ. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. जेवताना मी विचारलं, "सकाळी कोण होतं?" डॉक्टर म्हणाले, "दाढ भरायची होती. जरा लागलं त्यांना." इतक्या वर्षांत 'जरा लागलं' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी वाढायला उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. त्यांच्या हातात गरगर फिरणारी सुई असते, आणि समोर डोळे मिटून, तोंड उघडून बसलेला माणूस असतो. त्या माणसाचा भरवसा सगळा त्या हातावर. एखाद्या दिवशी जरा नाही, जास्त लागलं तर?

मी तेव्हा बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. म्हणणं सोपं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दोन बोटांच्या चिमटीवर घर चालवलं, त्याला 'तुमची चिमूट आता भरवशाची नाही' हे कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि सांगितल्यावर तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठे जाणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ झाकूनही कापत होती. म्हणून मी रोज ड्रिलचा आवाज ऐकत बसायची. सुरू झाला की श्वास धरायचा, थांबला की सोडायचा. पूर्वी याच आवाजावर मी डुलक्या काढत असे.

गच्चीवर डंपरचा रंग चालू होता. रंगानेही छळलं. आधीचा रंग घासून अस्तर मारलं, त्यावर पिवळा फवारला. एका सकाळी घाई केली, हवेत ओल होती, तर चकचकीत पिवळ्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला. पुन्हा घासा, पुन्हा फवारा. मग ते धूप निघायची वाट बघत टेबलापाशी बसून राहायचे, मफलर कानाला, हात बगलेत. शेवटी रंग बसला. सुंदर बसला. हौद्याला मातकट लाल, केबिनला मोहरीच्या फुलाचा पिवळा.

राहिली होती दोन्ही बाजूंची बारीक पांढरी रेघ, आणि मागच्या फळीवरची अक्षरं. मुक्ताने लहानपणी हट्ट धरला होता की खऱ्या ट्रकसारखं मागे नाव पाहिजे, आणि त्यांनी कबूल केलं होतं. 'मुक्ता रोडलाइन्स, लश्कर.' हे काम ब्रशने, हातानेच करायचं असं त्यांनी ठरवलं.

मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जात असे. ओले कपडे वाळणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. ते ब्रश बुडवायचे, मनगट टेबलावर टेकवायचे, श्वास रोखायचे. रेघ निघायची आणि मध्येच मुरडायची. फडक्याने पुसायची. पुन्हा. एकदा म्हणाले, "ब्रशच खराब आहे." नाचता येईना अंगण वाकडं, असं एरवी मी पटकन म्हटलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पहिल्यांदाच मी त्यांना टोमणा मारू शकले नाही, आणि त्याने मला जितकं रडू आलं तितकं दुसऱ्या कशाने आलं नाही. मी चादरीच्या आड उभी राहून रडून घेतलं.

आणि एक दिवस मी वर गेले, तर डंपर तयार. दोन्ही बाजूंना दोऱ्यासारखी सरळ रेघ. मागे 'मुक्ता रोडलाइन्स, लश्कर', प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी जागच्या जागी, खाली बारीकसं कमळ. डॉक्टर शेजारी उभे. "जमलं," म्हणाले.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! थंडीच होती तर. उगीच मेला जिवाला घोर. मी खाली येऊन देवाजवळ साखर ठेवली, रात्री गाजराचा हलवा केला, आणि पुण्याला बहिणीला फोन लावून काही कारण नसताना बराच वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी ड्रिलचा आवाज आला तेव्हा माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बाड्याच्या बाजारात बोरं आणि चुरमुरे आणायला गेले. महाराज बाड्याच्या बाजूच्या गल्लीत गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणारे बसतात. त्यातल्या एकाच्या आईची कवळी डॉक्टरांनी केली होती, म्हणून ओळख. त्याने मला पाहून हात वर केला.

"आंटीजी, नमस्ते! डॉक्टर साब का ट्रक कैसा लगा? बच्चे ने देखा?"

मी उभी राहिले. तो खुशीत होता. "कमल मैंने अपनी तरफ़ से बना दिया। साब ने तो बस नाम बोला था, और दोनों साइड की लाइन।"

"बहुत अच्छा बना है, भैया," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याने काम चोख केलं होतं. मी बोरं घेतली, पिशवीत सडकी किती आली तेही पाहिलं नाही, आणि रिक्षात बसून घरी आले. 'जमलं' म्हणताना डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते, ते मला आत्ता आठवलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. त्यांनी ते बोलायची वेळ यावी, आणि तेही एका खेळण्यासाठी, याचं मला इतकं वाईट वाटलं की राग यायला जागाच राहिली नाही.

बोरन्हाणाला घर भरलं. ईशान काळ्या झबल्यात, डोक्यावर हलव्याचा मुकुट, तो सारखा तोंडाकडे ओढणारा. मुक्ताने डंपर पाहिला आणि किंचाळलीच. "बाबा! यार, ये तो पूरा नया हो गया! कसं केलंत?" फळीवरचं आपलं नाव वाचून तिने बाबांना मिठी मारली. डॉक्टरांनी रिमोट हातात घेतला. हौद्यात बोरं, चुरमुरे, वर तिळाच्या रेवड्या. बैठकीच्या त्या टोकाकडून डंपर निघाला.

सरळ चालेना. पुढची चाकं सारखी डावीकडे-उजवीकडे फडफडत होती. डॉक्टरांचा अंगठा उजव्या दांडीवर होता, आणि अंगठ्यात जे होतं ते अँटेनातून जाऊन सगळ्यांच्या समोर जमिनीवर चालत होतं. पोरं टाळ्या पिटू लागली. शेजारचे गुप्ताजी ओरडले, "अरे अंकल, ड्राइवर ने पी रखी है क्या!" हशा पिकला. डॉक्टरही हसले. डंपर पाटाच्या पायाला धडकला, तिरका झाला, आणि बोरं चढाखालीच सांडली. मग मुक्तानेच ओंजळी भरभरून ईशानच्या डोक्यावर ओतली. ईशान रडला नाही. त्याने एक चुरमुरा पकडून नीट निरखला.

मुक्ता माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. "आई, बाबांच्या हाताला काय झालंय?"

"काही नाही गं. थंडी आहे."

तिने बैठकीकडे बोट केलं. "आई, कमरे में हीटर चल रहा है."

खरंच चालू होता. नातवासाठी दोन-दोन लावले होते, बायकांनी शाली काढून ठेवल्या होत्या. मला घाम आला होता. ज्या थंडीच्या आडोशाला आम्ही दोघं सगळा हिवाळा उभे होतो, ती त्या खोलीत नव्हतीच. मुक्ता हळूच म्हणाली, "ते अजून पेशंट बघतायत? आई, तू बोलून घे. नाहीतर मी बोलते." मी म्हटलं, तू नको. मी बघते.

बघते म्हटलं खरं, पण मुक्ता इंदूरला गेली तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. रोज ठरवायची, आज जेवण झाल्यावर. जेवण व्हायचं, ते हात धुवायचे, खाली जायचे. वाक्यं करून बघितली. एकही असं नव्हतं की ज्यानंतर तो माणूस पूर्वीसारखा माझ्यासमोर बसून चहा पिऊ शकला असता. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण माणसाला ठाऊक असणं आणि त्याने ते मानणं यात एक दार असतं, आणि ते बाहेरून उघडत नाही.

उरलेल्या रेवड्या मी येता-जाता तोंडात टाकत होते. अशीच एक चावली आणि कट्‌कन आवाज झाला. मागच्या दाढेचा तुकडा जिभेवर आला. दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई आहे, चांगली आहे म्हणतात. तिच्याकडे जाता आलं असतं. मी तोंड धुतलं, साडी नीट केली, आणि जिना उतरून खाली गेले. बाहेर बाकावर तीन-चार माणसं होती. मी त्यांच्या शेवटी बसले.

माझा नंबर आला. डॉक्टर चकित झाले. "तू? वर सांगायचंस."

"दाढ तुटली," मी म्हटलं. "बघा."

मी खुर्चीत बसले. त्यांनी गळ्याशी कागदी रुमाल अडकवला, हातमोजे चढवले, दिवा ओढून माझ्या तोंडावर आणला. चेहरा इतक्या जवळ आला की मास्कच्या वरचे डोळे तेवढे दिसत होते. डाव्या हातात आरसा. उजव्या हातात दात तपासायची ती बारीक वाकडी सळई. मी तोंड उघडलं. मी घाबरले नव्हते, आणि हे त्यांना कळायला हवं होतं, म्हणून मी डोळे मिटले नाहीत.

सळई दाताला लागली. टिक. मग टिक-टिक-टिक-टिक. बाहेर कोणाला ऐकू गेलं नसेल इतका बारीक आवाज, पण माझ्या कवटीत तो मोठ्याने वाजत होता. त्यांनी मनगट माझ्या हनुवटीवर टेकवलं. टिक-टिक-टिक. त्यांनी श्वास रोखला. आवाज थांबला नाही. दवाखान्यात हीटरची गरम हवा होती.

"ऐकू येतंय तुला?" त्यांनी विचारलं.

तोंड उघडं होतं. मी मान हलवली.

त्यांनी सळई बाहेर काढली, ताटलीत ठेवली. तीसुद्धा ठेवताना वाजली. मग एक मोजा काढला, दुसरा काढला, आणि माझ्या कपाळावर आलेले केस उजव्या हाताने मागे सारले. त्यांचा हात माझ्या कपाळावर कापत होता, त्यांनी तो लपवला नाही. मग ते दाराशी गेले आणि दार पूर्ण उघडून बाहेरच्या माणसांसमोर उभे राहिले.

"माफ़ कीजिएगा," ते म्हणाले, "आज से मैं नहीं देखूँगा। मेरा हाथ ठीक नहीं है।"

दिवा माझ्या तोंडावर तसाच जळत होता, आणि तोंड मिटायचं मला सुचत नव्हतं.